सातवा कागद

४ फेब्रुवारी

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. एकोणीस वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवातीलाच एवढं वाकायचं म्हणजे तुला वाटणार, याचं काहीतरी काम अडलंय. तसं काही नाही. सहज लिहितोय. तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं असं कानावर आलं.

बरं, सहज नाही लिहीत. तू ते एव्हाना ओळखलंच असशील, लहानपणी माझा चेहरा बघून दप्तर तपासायचीस तशी.

काल समितीची नोटीस आली. तू अर्ज केलायस. रोजगार पाहणीच्या त्या जुन्या प्रकरणात तुला बडतर्फ केलं ते चुकीचं होतं, तुझ्या नावापुढचा 'घरी बसून खोटे फॉर्म भरले' हा शेरा काढून टाकावा, असा. तीन जणांची समिती नेमलीय, ११ मार्चला सुनावणी आहे, आणि साक्षीला मला बोलावलंय. 'तत्कालीन आर्थिक सल्लागार' म्हणून. अर्ज करण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. शेरा निघाला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

फक्त एक बारीकशी गोष्ट. अर्जाच्या शेवटी लिहिलंय, 'सोबत जोडलेले कागद: सात'. मला आलेल्या प्रतीत सहा आहेत. नेमणुकीचं पत्र आहे, बडतर्फीचा हुकूम आहे, नियमपुस्तिकेची पानं, तुझा त्या वेळचा खुलासा, वर्तमानपत्राचं कात्रण आणि कोऱ्या फॉर्मचा एक नमुना. यादीत सातव्या आकड्यापुढे नुसतं 'इतर' लिहिलंय. मी पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

ताई, माझा जन्म आकडे तपासण्यात गेला. सात लिहून सहा येतात तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला कुणी शिकवायला नको. सातवा कागद कसला आहे? मी तुला कधी काही लिहून दिलं होतं का? माझ्या हातचं काही तुझ्याकडे राहिलंय का? विचारतोय ते एवढ्याचसाठी, की साक्ष देताना दोघांच्या बोलण्यात मेळ असावा.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

ताई,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलंय. मी पोचपावतीसह पाठवलं होतं आणि पावतीवर सही तुझ्या मुलीची आहे. म्हणजे माझं पत्र आधी तिच्या हातात पडतं. तिनं फोडलं नसेल अशी आशा आहे. फोडलं असेल तर, भाचीबाई, हे पत्र तुमच्या आईसाठी आहे, खाली ठेवा.

खरं सांग, हा अर्ज तुझ्या डोक्यातून निघालेला नाही ना? एकोणीस वर्षं तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. आता एकाएकी नियमपुस्तिकेची पानं क्रमवार लावून, कलमांखाली रेघा ओढून अर्ज! ही भाचीचीच करामत. मला सगळं कळतं. ती तुझ्याच जुन्या खात्यात संख्याशास्त्रज्ञ झाली, आता तिच्या बढतीची वेळ आलीय, आणि खात्यात पाठीमागे कुजबुज चालते की हिच्या आईनं आकडे घरी बसून शिजवले होते, हिचे कशावरून खरे? वाईट आहे. पण त्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या आईला काठी टेकत समितीपुढे उभं करायचं? आणि मामाला समोर?

इकडेही काही ठीक नाही. आमच्या वर्तमानपत्रातल्या उपसंपादिका बाई कधी माझ्या टेबलाकडे फिरकत नाहीत. परवा आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या सदराला पंधरा वर्षं होतायत. तुमचं ते राजीनाम्याचं पत्र असेल ना? छापू या की." मी म्हटलं, शोधतो. पत्र माझ्या खणातच आहे. पण त्यांना ते नेमकं आत्ताच का हवंय? पंधरा वर्षं तर मागच्या ऑक्टोबरातच झाली.

त्या राजीनाम्याबद्दल लोक काय समजतात ते तुला माहीत असेल. प्राध्यापकी सोडून सरकारचा सल्लागार झालेला माणूस, खोटी आकडेवारी बघून अंतःकरण विटलं आणि खुर्चीला लाथ मारून बाहेर पडला. तुला काढल्यावर दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला. पत्रात कारण लिहिलंय 'वैयक्तिक'. बाकीचं लोकांनी स्वतःच भरलं. मी कुणाला खोटं सांगितलं नाही. फक्त कुणाची चूक दुरुस्त केली नाही. त्याच भांडवलावर मला वर्तमानपत्रात बोलावलं, सदर दिलं, आणि तेव्हापासून दर रविवारी मी सरकारच्या आकड्यांची सालं काढतो. वाचक पत्रं लिहितात, की या देशात एक तरी माणूस खरं बोलतो.

तू वाचतेस का माझं सदर? वाचत असशील तर काय म्हणत असशील, याचा मी आजवर विचार केला नव्हता. चार दिवस झाले, दुसरं काही सुचत नाही.

सातव्या कागदाचं कळव. दोन ओळी पुरेत.

धाकटा


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'गुडघा बरा आहे. कागदाचं विचारू नकोस, ११ तारखेला दिसेल. साखर कमी खा.' झालं. मी दोन लांबलचक पत्रं लिहिली आणि बाईसाहेबांनी तीन वाक्यांत वाटेला लावलं!

आणि माझी साखर वाढलीय हे तुला कुणी सांगितलं?

त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. साखरेचा रिपोर्ट मंगळवारी आला. तो तीनच माणसांना माहीत होता: मी, डॉक्टर आणि तुझी भावजय. डॉक्टर काही तुला पत्रं लिहीत नसणार. मग मी काय केलं असेल? हसशील. मी आमच्या टेलिफोनचं बिल काढून तपशील बघत बसलो. तुझा नंबर दर गुरुवारी. अकरा वाजता, मी ऑफिसला निघाल्यावर. आधीच्या महिन्यात तसंच. त्याच्या आधीच्या महिन्यातही. कपाटातली सगळी जुनी बिलं उपसली. माझ्या घरातून, माझ्या नाकासमोर!

स्वयंपाकघरात जाऊन मी बिल ओट्यावर आपटलं. "हे काय आहे?"

ती कणीक मळत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "बिल आहे. भरायचं राहिलंय का?"

"तू ताईशी बोलतेस?"

"हो. बोलते."

"कधीपासून?"

"तिला काढलं त्या आठवड्यापासून. दर गुरुवारी." मग हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं? अहो, तुम्ही तर देशभरातला हिशेब सांगता."

मी विचारलं, काय बोलता तुम्ही? माझ्याबद्दल काय सांगतेस? माझ्या खणातलं काही तिला पाठवलंस का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मात्र तिनं हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "खणात काय आहे असं, की मी पाठवीन म्हणून घाबरलात?" मी बिल उचलून बाहेरच्या खोलीत आलो. तेव्हापासून घरात आमचं बोलणं मीठ दे, पाणी दे, एवढंच.

तूच सांग, आता मी कुणावर विश्वास ठेवायचा? बायको तुझ्याकडून. भाची तुझीच. उपसंपादिका कुणाकडून ते अजून कळायचंय. काल खणाला कुलूप लावलं, मग लक्षात आलं की किल्ली कुठे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. किल्ली आता माझ्या पाकिटात असते, आणि पाकीट उशाशी.

साखर कमी खातोय.

धाकटा


२६ फेब्रुवारी

ताई,

समितीचा अध्यक्ष कोण आहे माहितीय? 'सावकाश'. माझ्याबरोबर विद्यापीठात शिकवायचा, सगळ्याला 'सावकाश, सावकाश' म्हणायचा, म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं होतं. काल त्याच्याकडे गेलो होतो. साक्षीदारानं अध्यक्षाला घरी जाऊन भेटू नये हे मला कळतं. सदरात अशाच भेटींवर मी आसूड ओढलेत. तरी गेलो, फळं घेऊन गेलो.

बराच वेळ नातवंडांच्या गप्पा झाल्या. मग मी हळूच म्हटलं, "माझ्या प्रतीत एक कागद कमी आला रे." तो म्हणाला, "हो, तो झेरॉक्स होण्यासारखा नव्हता." एवढंच. आणि एक सफरचंद चिरायला घेतलं.

झेरॉक्स होण्यासारखा नव्हता! म्हणजे फाटका, चुरगळलेला, तेलकट. म्हणजे तो तोच. सफरचंदाची फोड मी तशीच ताटलीत ठेवली.

आता लपवून काय करू? तुझ्यासमोर पत्ता उघडाच आहे. लिहूनच टाकतो. माझ्या आठवणीप्रमाणे लिहितो, तुझ्या कागदाशी ताडून बघ.

तो शनिवार होता. संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. ऑफिसची गाडी मी कोपऱ्यावरच सोडली होती, ड्रायव्हरनं घर बघू नये म्हणून. तेव्हाच तुला शंका यायला हवी होती. तू फॉर्म पसरून बसली होतीस. कारखान्याच्या वसाहतीतली चिठ्ठ्या टाकून निवडलेली एकशे बारा घरं तुझ्या वाट्याला आली होती. कारखाना बंद होऊन आठ महिने झाले होते. नियम असा होता: घराला कुलूप असेल तर तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही कुलूपच दिसलं तर लाल चिठ्ठी भरायची, माणसं कुठं गेली ते शेजाऱ्यांना विचारून तिच्यावर लिहायचं, आणि मगच शेजारचं उघडं घर बदली म्हणून घ्यायचं. तुझ्यापुढे लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठाच होता. त्रेचाळीस.

लाल चिठ्ठ्या एक तृतीयांशाच्या वर गेल्या की त्या भागाची पाहणी रद्द होते आणि सगळं पुन्हा करायचं, तीन महिने. आणि मंत्र्यांचं भाषण तीन आठवड्यांवर होतं. रोजगार वाढला हे वाक्य मीच त्यात घातलेलं होतं. आकडा यायच्या आधी.

मी म्हणालो, "ताई, या चिठ्ठ्या जोडू नकोस. कुलूप असेल तर पुढचं घर घे आणि मोकळी हो. नाहीतरी नमुना मोठा आहे, काही फरक पडत नाही."

तू म्हणालीस, "फरक पडत नाही कसा रे? कुलूप लावून गेले तेच तर बेकार झालेले. मागे राहिलेत ते दुकानवाले नि पगारवाले. त्यांनाच विचारलं तर सगळे कामाला लागलेलेच दिसणार."

एका वाक्यात. मला परदेशात दोन वर्षं शिकून जे समजलं, ते तू वसाहतीत चपला झिजवून सांगितलंस. मला ते कळत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, "तू फॉर्म भर, अर्थ लावायला मी बसलोय ना? माझ्यावर सोड." हसून म्हणालो. आणि तू सोडलंस. लहान भाऊ एवढा मोठा झालाय, सरकार त्याचं ऐकतं, तर आपण का नाही ऐकायचं, असं तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. तुझ्या पगारावर शिकलेला भाऊ. त्या चेहऱ्याचा मी फायदा घेतला. पुढे तपासणीवाले यादीतल्या घरांवर गेले तेव्हा तिथे कुलूप, इकडे फॉर्म मात्र भरलेले आणि चिठ्ठी एकही नाही; 'घरी बसून' हा शेरा पडला तो त्यावरून.

बोलताना रेघोट्या मारायची माझी खोड. त्या दिवशी तुझ्या वीजबिलाच्या पाकिटावर मी चौकोन काढले होते, 'बंद' असं लिहून पुढच्या घराकडे बाण. खाली 'चिठ्ठी नको'. माझ्याच अक्षरात. ते पाकीट टेबलावर राहिलं. सातवा कागद म्हणजे ते पाकीट. खरं ना? एकोणीस वर्षं जपून ठेवलंस. आणि मी समजत होतो, तू मायेपोटी गप्प आहेस!

माझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. पाकीट असेल तर मला कबूल करावं लागेल. नसेल तर... ते तूच समजून घे. इतकं उघड मी कुणाशी बोललेलो नाही. निदान आता तरी सांग.

धाकटा

ता. क. हे पत्र वाचून फाडून टाक. भाचीच्या हातात देऊ नकोस.


११ मार्च

ताई,

आपण दुपारी एका खोलीत होतो आणि मी संध्याकाळी तुला पत्र लिहितोय. जिन्यात बोलायला गेलो तर भाची मधे आली. तिचं काही चुकलं नाही.

तू आत आलीस तेव्हा मला ओळखता आलं नाही. केस एवढे पांढरे होतील असं वाटलं नव्हतं. काठी भिंतीला टेकवलीस, खुर्चीवर बसलीस आणि पिशवीतून ते बाहेर काढलंस. मी टेबलाखाली मुठी आवळून धरल्या होत्या. पाकीट नव्हतं. जाडजूड वही होती, पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, मधे चिकटवलेल्या कागदांनी फुगलेली. खरंच झेरॉक्स होण्यासारखी नव्हती.

सावकाशनं ती माझ्यापुढे सरकवली. "साक्षीदारानं बघून घ्यावी." मी उघडली.

बडतर्फ झाल्यावर तू परत गेली होतीस त्या वसाहतीत. पगार नाही, ओळखपत्र नाही, कुणी पाठवलेलं नाही. त्रेचाळीस बंद घरं, एकेका घराला एकेक पान. घर नंबर सतरा: फिटर, बायको, दोन मुली, बायकोच्या माहेरी गेले, आता भाजीची गाडी. घर नंबर तेवीस: वेल्डर, परदेशी गेला असं शेजारी म्हणाले, भावाला पत्र टाकलं, परदेशी नाही, दवाखान्यात आहे. घर नंबर साठ: पत्ता लागला नाही, चारदा गेले. खाली वेगळ्या शाईत: लागला. सहा वर्षांनी लागला! आणि प्रत्येक पानावर कोण काय काम करतं, किती दिवसांपासून काम नाही. तुझं ते सरळसोट, गोल अक्षर. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. एकही पान रिकामं नाही.

मी त्यात माझं नाव शोधत होतो, ताई. लाज वाटते सांगायला. पानं उलटत होतो ती माझं नाव कुठे आहे का ते बघायला. कुठेच नव्हतं.

सावकाशनं तुला विचारलं, "चिठ्ठ्या जोडू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

तू म्हणालीस, "ते सांगणाऱ्यानं सांगावं. मी चुगली करायला आले नाही. मी त्या घरांपर्यंत गेले होते, एवढं दाखवायला आले."

मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सल्लागार होतात. अशी काही तोंडी सूचना तुम्ही दिली होती?"

आणि मी म्हणालो, "आठवत नाही."

तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. वही पिशवीत घातलीस, चेन लावलीस. चेन मधेच अडकली, ती तू दोनदा मागेपुढे केलीस. मला उठून ती लावून द्यावीशी वाटली. उठलो नाही.

जिन्यात मी तुझ्यामागे धावलो ते काय बोलायला? माफी मागायला? छे. "ताई, ते वीजबिलाचं पाकीट?" असं विचारायला. तू वळलीस आणि म्हणालीस, "कसलं पाकीट रे?"

तुला ठाऊकच नव्हतं. तू ते त्याच आठवड्यात केराच्या टोपलीत टाकलं असशील. आणि मी महिनाभर बायकोवर, भाचीवर, उपसंपादिका बाईंवर, सगळ्यांवर संशय घेत उशाशी किल्ली ठेवून झोपत होतो. बाईंना नुसतं राजीनाम्याचं पत्र छापायचं होतं. बायकोला नुसतं तुझ्याशी बोलायचं होतं. पुरावा नव्हताच कुठे. पुरावा मीच होतो, आणि त्याला आठवत नाही.

धाकटा


१५ मार्च

ताई,

हे पत्र मी समितीच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहितोय. पत्र कुणाकडूनही तुझ्याकडे जाऊ दे, भाचीनं वाचलं तरी चालेल.

परवा सावकाशचा फोन आला. आवाज एकदम गोड. "अरे, मिटलं. वही चांगली आहे, पण तेव्हाची नाही, नंतरची. त्यामुळे निर्दोष म्हणता येत नाही. पण वय बघता संशयाचा फायदा देऊन प्रकरण बंद करतोय. निकालावर सोमवारी सह्या होतील. तुझं नाव कुठेच येत नाही. सावकाश झोप."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एक कप चहा संपेपर्यंत बरं वाटलं. मग कपाच्या तळाशी आल्यावर लक्षात आलं की संशयाचा फायदा म्हणजे काय. शेरा जाणार, संशय राहणार. भाचीच्या पाठीमागे कुजबुज चालूच राहणार, फक्त आता म्हणतील, म्हातारी म्हणून सोडली. संशय तुझ्या वाट्याला आणि फायदा माझ्या. एकोणीस वर्षं हेच चाललंय की.

तरी मी लगेच इकडे धावलो नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. आधी सदर लिहायला बसलो. 'माझी चूक' म्हणून. झकास झालं होतं, ताई! दोन ठिकाणी तर माझेच डोळे भरून आले. तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान झालंय. टाळ्या पडतील." आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

माझ्या कानशिलात बसली ती. खरंच होतं. रविवारी छापून आलं असतं, सोमवारी दोनशे पत्रं आली असती की केवढं हे धैर्य, आणि तुझा निकाल मात्र होता तसाच राहिला असता. मी पुन्हा तुझ्याच जिवावर मोठा झालो असतो. ते सदर मी छापायला दिलं नाही. संपादकांना फोन करून सांगितलं की या रविवारपासून मी लिहीत नाही, कारण सोमवारी कळेल. त्यांनी विचारलं, वैयक्तिक का? मी म्हटलं, नाही, या वेळी वैयक्तिक नाही.

आज शुक्रवार. सह्यांना तीन दिवस आहेत. सकाळी दहाला इथे आलो. सावकाशला भेटलो नाही, सरळ खालच्या मजल्यावर निवेदनं घेणाऱ्या कारकून बाईंसमोर बसलो. त्यांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "आठवत नाही म्हणालो होतो, ते आठवतंय." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. सदरावरच्या फोटोवरून ओळखलं की काय कोण जाणे. कोरा कागद पुढे केला.

एका पानात मावलं. तारीख, शनिवार, तुझं घर, तू काय म्हणालीस, मी काय म्हणालो, जसंच्या तसं. मंत्र्यांच्या भाषणातलं वाक्य आकड्याच्या आधी लिहिलं होतं तेही. अर्जदाराशी नातं: सख्खा धाकटा भाऊ. बाईंनी वाचलं, शेवटी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, यानं तुमच्यावर चौकशी बसेल. कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय.  या वयात कचेऱ्यांचे जिने चढायचे. लोक थुंकतील तोंडावर. थुंकू देत.

मग त्या म्हणाल्या, "ती ठरलेली ओळ राहिली. खाली लिहा आणि सही करा." मी विचारलं कुठली. त्यांनी तोंडपाठ सांगितली, मी लिहून घेतली: 'वरील माहिती मी स्वतःहून दिली असून कुणाच्याही सांगण्यावरून तिच्यात काही लपवलेले नाही.'

लिहून झाली आणि पेन थांबलं. ही ओळ मी कुठंतरी वाचली होती. तुझ्या फॉर्मच्या तळाशी छापलेली असते ती, ताई. मीच मंजूर केलेला मसुदा. प्रत्येक फॉर्मवर. तिच्याखाली तू सही करायचीस. लाल चिठ्ठ्या बाजूला काढल्यावर त्या ओळीखाली तू एकशे बारा वेळा सही केलीस, माझ्या सांगण्यावरून. मी समोर बसून तुझ्या हातचा चहा पीत होतो.

बाईंनी विचारलं, "काय झालं? पाणी देऊ?"

मी मान हलवली आणि सही केली. एकदाच करायची होती.

तुझा भाऊ